हर्टफर्ड हाउस: फ्रेंच राणीची कपाटं लंडनमध्ये कशी बघावीत

बाँड स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलात की ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खरेदीत अडकू नका. सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या मागून थोडं चाललं की मँचेस्टर स्क्वेअर लागतो. तिथली मोठी विटांची हवेली म्हणजे हर्टफर्ड हाउस, म्हणजेच वॉलेस कलेक्शन. तिकीट नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडं असतं, नाताळचे तीन दिवस (24 ते 26 डिसेंबर) बंद. दहालाच पोचा, दुपारी गर्दी होते.

बहुतेक मंडळी झोपाळ्यावरच्या बाईचं प्रसिद्ध चित्र बघायला येतात. मी लाकूडकामासाठी गेले होते, म्हणून थेट पहिल्या मजल्यावरची ‘स्टडी’ गाठली. मारी आंत्वानेत राणीसाठी 1780 च्या सुमारास केलेलं जाँ-हेन्री रीझनरचं फर्निचर इथे आहे. जर्मनीत जन्मलेला हा कारागीर पॅरिसला ओबेनच्या कारखान्यात लागला. मालक वारल्यावर त्याने मालकाच्या विधवेशी लग्न केलं, कारखाना हाती घेतला आणि 1774 मध्ये थेट राजाचा कारागीर झाला.

इथे एक युक्ती सांगते. आधी पंधराव्या लुईच्या शयनगृहासाठी गोद्रोने 1739 मध्ये केलेलं खणांचं कपाट शोधा. ते याच हवेलीत आहे. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी नुसती सळसळत असते, खण कुठे सुरू होतो ते कळत नाही. मग रीझनरकडे या. कडा सरळ, चौकटी आखीव, माळा आणि फुलं आपापल्या जागी. ग्रीक-रोमन वळणाचं वेड चाळीसेक वर्षांत किती बदल घडवून गेलं, ते वाचून समजणार नाही, या दोन वस्तूंमध्ये चालूनच समजतं.

आणि वाका. उभ्याने बघितलं तर कपाटाच्या वरची संगमरवरी फरशीच फक्त दिसते. पितळी माळांवरचा मुलामा बघा: काही पाकळ्या चकचकीत, काही मुद्दाम मंद ठेवलेल्या. लाकडाचा तपकिरी रंग मात्र फसवा आहे. विनियरचे (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचे) तुकडे त्या काळी हिरव्या-निळ्या रंगांत बुडवून जडवलेले होते. दोनशे वर्षांच्या उजेडाने सगळं उडालं. संग्रहालयाच्या वेबसाइटवर रीझनरवरच्या संशोधनाची पानं आहेत, ती आदल्या रात्री चाळून जा.

हे सगळं लंडनला आलं कसं? फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1793-94 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याचं सामान लिलावात निघालं, हजारोंनी. रीझनरने स्वतःच्याच काही वस्तू परत घेतल्या, पण फॅशन सरली होती, त्या खपल्या नाहीत. इंग्रज उमरावांना मात्र पर्वणी आली. प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, आधीच आपलं लंडनचं घर, कार्लटन हाउस, फ्रेंच सामानाने भरलं होतं. तिसरा मार्क्वेस (ही उमरावाची पदवी) ऑफ हर्टफर्ड त्याचा दोस्त आणि खरेदीतला सल्लागार. चौथा मार्क्वेस पॅरिसलाच राहिला, बागातेल राजवाडाही घेतला आणि गोळा करत सुटला. 1870 मध्ये तो वारल्यावर त्याचा वारस रिचर्ड वॉलेस याने बराच माल लंडनला आणला, आणि वॉलेसच्या विधवेने 1897 मध्ये तो देशाला दिला.

एक सावधगिरी: पंधराव्या लुईचं ते भव्य गुंडाळ-झाकणाचं लिहिण्याचं मेज इथे दिसेल. ते मूळ नाही. चौथ्या मार्क्वेसने करवून घेतलेली नक्कल आहे, मूळ व्हर्सायलाच आहे. अर्थात नक्कल इतकी देखणी की मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सोबत मुलं कंटाळली तर तळमजल्यावर शस्त्रागार आहे, त्यात आपल्याकडच्या कट्यारी आणि तलवारीही आहेत. जेवण आतल्या काचेच्या छताखाली छान मिळतं, पण महाग. मॅरिलबोनला चालत जाल तर खिशाला बरं. फोटो चालतात, फ्लॅश नाही.

याच्या जोडीला वॅडेस्डन मॅनर, ही लंडनबाहेरची फ्रेंच फर्निचरची हवेली, करायची असेल तर मॅरिलबोनहून एल्सबरी व्हेल पार्कवेची गाडी घ्या. हवेलीत शिरायला वेळ ठरवून तिकीट लागतं आणि आतली दालनं रोज उघडी नसतात, तेव्हा आधी तपासा. हे फर्डिनंड रॉथशिल्डने उभारलं. तो बँकवाल्यांच्या घराण्यातला बॅरन, जुना जमीनदार नव्हे. तोवर जुन्या घराण्यांच्या तिजोऱ्या आटत होत्या: हॅमिल्टन या उमराव घराण्याच्या हॅमिल्टन पॅलेसच्या 1882 च्या लिलावात राणीचे दोन रीझनर प्रत्येकी 9,450 पौंडांना गेले, आणि आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

वेळ कमी असेल तर साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जॉन जोन्सचा संग्रह बघा. हाही फुकट. जोन्स लष्करी गणवेश शिवणारा शिंपी, आणि त्याचं फ्रेंच फर्निचर उमरावांच्या तोडीचं.