कॅन्सरच्या फाईलमध्ये अल्झायमरची गोळी

"काका, काकूंना विसरायला होतंय का?" गल्लीतल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून आवाज खाली करत विचारलं. त्याचं काही चुकलं नाही. मेमँटिन ही मुळात अल्झायमरची गोळी. पण आमच्या हिला अख्ख्या भावकीच्या वाढदिवसांच्या तिथी पाठ आहेत. कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, तोही.

हिचा स्तनाचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. दर तीन आठवड्यांनी त्या प्रथिनावरचं औषध ट्रास्टुझुमॅब चालू होतं आणि गळ्याखाली सगळं शांत होतं. पण या औषधाचा रेणू मोठा, रक्तातून मेंदूत त्याला फारसं शिरता येत नाही. डोकं दुखायला लागलं, भाकरी थापताना उजवा हात चुकायला लागला, तेव्हा एमआरआय केला. मेंदूत कॅन्सरच्या गाठी दिसल्या. एक-दोन असत्या तर नेम धरून रेडिओसर्जरी (फक्त गाठींवर रेडिएशन) झाली असती. या विखुरलेल्या निघाल्या. म्हणून मिरजेला पूर्ण मेंदूला लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं, 30 ग्रे (रेडिएशनचं माप), 10 वेळांत वाटून.

लाईटची हिला भीती नव्हती. मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून मास्क केला, तेव्हा म्हणाली, "फेशियल फुकटात झालं." भीती होती ती विसरण्याची. डॉक्टर मॅडमनी काही लपवलं नाही. पूर्ण मेंदूला लाईट दिली की पुढच्या काही महिन्यांत स्मरणशक्ती उतरू शकते, त्यासाठी ही गोळी.

मी बँकेत रोखपाल होतो. आकडे बघितल्याशिवाय सही करायची सवय नाही. यावरची अमेरिकेतली चाचणी, आरटीओजी 0614, 2013 साली प्रसिद्ध झाली. 508 रुग्ण, सगळ्यांना लाईट. काहींना सोबत मेमँटिन, काहींना नुसती दिखाऊ गोळी. ऐकलेली शब्दांची यादी थोड्या वेळाने किती आठवते, ही मुख्य कसोटी. 24 आठवड्यांनी फरक दिसला, पण संख्याशास्त्राच्या नियमात थोडक्यासाठी बसला नाही. त्याचं एक कारण वाचून मी लॅपटॉप मिटला होता: तोवर हिशेबात धरता येतील असे रुग्ण 149 च उरले होते. दुसरा आकडा मात्र बरा. 24 आठवड्यांत स्मरण-विचारशक्ती घसरण्याची शक्यता 65 टक्क्यांच्या आसपास होती, ती गोळीमुळे 54 वर आली. म्हणजे गोळी घेऊनही निम्म्याहून जास्त लोक घसरतातच. हिला हे जसंच्या तसं सांगितलं. "अकरा टक्के व्याज सोडतं का कोणी?" म्हणाली.

2020 साली आणखी एक चाचणी आली. आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस लाईटपासून वाचवला आणि जोडीला मेमँटिन दिलं, तर नुसत्या मेमँटिनपेक्षा बरं. हिच्या गाठी त्या भागापासून लांब होत्या, म्हणून तसाच प्लॅन झाला. ते नशीब.

खरा तमाशा डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने केला. गाठींभोवतीची सूज उतरली, हात सुधारला, हे श्रेय त्याचंच. पण साखर चढली, झोप उडाली, आणि भूक अशी की रात्री दोनला मी थालीपीठ लावतोय. सिस्टरनी दुसरा डोस दुपारीच संपवायला सांगितलं, तेव्हा कुठे घर झोपलं. शेजारचे एक हितचिंतक "स्टेरॉइड आहे ते, बंद करा" म्हणून रोज ऐकवायचे. हे औषध एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं असतं. हितचिंतकांना आता चहा देतो, विषय देत नाही.

मेमँटिनचं उलटं, ते चढवत न्यायचं. आधी सकाळी 5 मिलिग्रॅम, पुढच्या आठवड्यात दोन वेळा 5, मग सकाळी 10 आणि संध्याकाळी 5, मग दोन्ही वेळा 10. सहा महिने. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करतात, त्यामुळे क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट फाईलमध्ये वरच ठेवलाय.

लाईट संपली. घरी मी किराण्याची यादी वाचतो, अर्ध्या तासाने दोघांनी आठवायची. हिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. तेवढ्यावर मी काही निष्कर्ष काढत नाही.

आता पुढचा एमआरआय बघून टुकॅटिनिबचं ठरवू, असं मॅडम म्हणाल्या. ही गोळी मेंदूतल्या गाठींवरही चालते, ट्रास्टुझुमॅब आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीच्या जोडीने देतात. खर्चाचं विचारायला त्या दिवशी मुलगीही पुण्याहून येतेय.