शस्त्रक्रियेआधीचे किमो आणि रेडिएशन : माझा अनुभव

दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात गाठ दिसली आणि तुकड्याच्या अहवालात ती स्क्वॅमस (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणाऱ्या) प्रकारच्या कर्करोगाची निघाली, तेव्हा ती लगेच कापून काढावी असाच घरातल्या सगळ्यांचा आग्रह होता. पेट-सीटीत, म्हणजे शरीरात आजार कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, तो दूर कुठे पसरलेला नव्हता, तरीही नागपूरच्या आमच्या डॉक्टरांनी आधी किमो आणि रेडिएशन एकत्र, मग शस्त्रक्रिया, असा क्रम ठरवला. आमची घालमेल पाहून त्यांनी नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ अभ्यास समजावून सांगितला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे २४ महिन्यांहून अधिक जगले होते. आधी हे उपचार घेतलेल्या गटात तोच काळ सुमारे ४९ महिने होता. गाठ पूर्ण निघून कापलेल्या कडांवर कर्कपेशी न उरण्याचे प्रमाणही ६९ वरून ९२ टक्क्यांवर गेले होते. त्या आकड्यांनी माझा निर्णय पक्का केला.

सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन, एकूण २३ वेळा, आणि आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन या किमोच्या औषधांची सलाइन, असा तो कार्यक्रम होता. किमोमुळे कर्कपेशी किरणांपुढे अधिक दुबळ्या होतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी द्यायचे. रेडिएशन स्वतः दुखत नाही. छातीवर शाईच्या खुणा करतात आणि यंत्राच्या लाल रेषा त्यांच्याशी जुळवून रोज तंतोतंत त्याच जागी झोपवतात. नागपूरच्या मे महिन्यात घामाने त्या खुणा फिकट होत. पत्नी ओल्या कापडाने अंग पुसून देताना तेवढी जागा जपून सोडायची, आणि तंत्रज्ञ त्या पुन्हा गडद करून द्यायचे.

खरी परीक्षा खाण्याची होती. सुरुवातीला घास जरा सहज उतरू लागला, पण पुढे अन्ननलिकेच्या आतल्या आवरणाला सूज येऊन पाण्याचा घोटही जळजळ करू लागला. संत्र्याचा रस बंद झाला. मुगाचे कढण, आंबील, पातळ खिचडी आणि दूध यांवर दिवस निघत. वजन घसरतच राहिले तेव्हा नाकातून नळी घालण्यास मी संमती दिली. नळीची अनेकांना लाज वाटते; माझ्या मते ती उपचाराचाच भाग आहे, कारण शरीर खंगले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

रेडिएशन संपल्यावरही त्रास काही दिवस टिकला, हे आधी सांगितलेले असल्याने धीर सुटला नाही. पुढचे आठवडे मी तीन चेंडूंच्या उपकरणाने श्वासाचा व्यायाम आणि सकाळी अंबाझरीला चालणे नेमाने केले. मग शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग व आसपासच्या लसिकाग्रंथी काढून जठराची नळी वर जोडण्यात आली. अहवालात कापलेल्या कडा कर्कपेशींपासून मोकळ्या होत्या, मात्र काढलेल्या भागात थोड्या जिवंत कर्कपेशी उरल्या होत्या; म्हणून आता निव्होलुमॅब (रोगप्रतिकारशक्तीला कर्कपेशींशी लढायला मदत करणारे औषध) द्यावे का, याचा विचार डॉक्टरांसोबत चालू आहे.