‘मी आंबा खाल्ला’ आणि सातवीचे इंग्रजी व्याकरण

घणसोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. पाचव्या वर्षी, म्हणजे आपल्याला आता हे जमते असे वाटू लागले होते तेव्हा, मी नेहमीप्रमाणे फळ्यावर ‘ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ असे लिहिले आणि पहिल्याचे उदाहरण म्हणून ‘आय एट अ मँगो’ हे वाक्य दिले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ‘मी आंबा खाल्ला’ हा सरांनी कालच कर्मणी सांगितला. आंब्याच्या जागी कैरी घातली की ‘खाल्ली’ होतं, म्हणून.” ‘ते मराठीचे, हे इंग्रजीचे’ असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली, पण ती बरोबर होती आणि ते मला कळलेही होते.

मधल्या सुट्टीत मी मराठीच्या सरांकडे गेले. त्यांनी डबा बाजूला सारून एका वाक्यात सांगितले, “बाई, प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाचं ऐकतं ते, तुमचा व्हॉइस ही वेगळी गोष्ट आहे.” मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियापद बहुधा कर्माचे ऐकते, तर इंग्रजीतील क्रियापद व्हॉइस कोणताही असो, कर्त्याच्या जागी बसलेल्या शब्दाचेच ऐकते. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारी ‘आंबा माझ्याकडून खाल्ला गेला’ ही रचना आपल्या व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ या नावाने येते आणि ती इंग्रजीच्या वळणाने आली असे मानले जाते. शब्दांच्या आठ जातींची आपली शालेय मांडणीही इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावर बेतलेली आहे. नाम म्हणजे नाउन, विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह हे इतके बिनबोभाट जुळते की पुढचेही सगळे तसेच जुळत असेल, असे माझ्यासारखीने पाच वर्षे गृहीत धरले होते.

त्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही घेतली आणि निबंध तपासताना लाल शाईने नुसते खोडण्याऐवजी प्रत्येक चुकीचे वाक्य तीत उतरवून त्याखाली, हे मूल मनात मराठीत काय म्हणाले असेल, ते लिहू लागले. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडले होते की चूक ही शिकणाऱ्याने स्वतःपुरत्या उभारलेल्या नियमांचा पुरावा असते. बी.एड.च्या परीक्षेत मी यावर टीप लिहून गुण मिळवले होते आणि नंतर ती साफ विसरले होते. दिवाळीपर्यंत वही भरली.

सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य होते ‘आय हॅड गॉन टू व्हिलेज येस्टरडे’. आमच्याकडे माथाडी कामगारांची मुले बरीच आहेत, त्यांची गावे साताऱ्याकडे, आणि ‘मी काल गावाला गेलो होतो’ हे त्यांचे मराठी निर्दोष आहे. जाऊन आलो, ते काम संपले, एवढे ते ‘होतो’ सांगते. इंग्रजीतील ‘हॅड गॉन’ला मात्र भूतकाळातीलच दुसरी एखादी घटना शेजारी लागते. हा नियम व्याख्येने सांगून मी थकले होते. मग फळ्यावर रेषा ओढून ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा वाशीची लोकल सुटली होती’ हे वाक्य घेतले आणि दोन्हींतले आधी काय घडले, एवढेच विचारले. जिथे असे ‘आधी’ सापडत नाही तिथे ‘हॅड’ लिहायचे नाही, हे त्यांना एका तासात पटले. हाताला सवय लागायला मात्र दोन महिने गेले.

‘सूरज अँड हर सिस्टर’ ही चूक मला पूर्वी निव्वळ हलगर्जीपणाची वाटत असे. ‘त्याची बहीण’ या शब्दांकडे नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला: ‘त्या’ हा भाग मालकाचा, ‘ची’ हा भाग बहिणीचा, आणि मूल शेवटच्या ‘ची’वर विसंबून ‘हर’ लिहिते. आता आम्ही ‘चा, ची, चे’ वर बोट ठेवून ते झाकतो आणि जे उरते त्याचे इंग्रजी करतो.

‘डिड यू वेन्ट’वर माझ्याकडे तोडगा नव्हता. मराठीत ‘गेलास’ला नुसता ‘का’ जोडला की प्रश्न होतो, काळ आपल्या जागेवरून हलत नाही; इंग्रजीत तो ‘डिड’कडे जातो आणि मागे मूळ क्रियापद राहते. मी हे तिसऱ्यांदा समजावत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे मॅडम, पोतं डिडनं उचललं. मग गो मोकळाच चालणार.” त्या मुलाचे वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत हमाली करतात. एक पोते दोघांच्या पाठीवर कशाला, हे वाक्य त्या दिवसापासून वर्गात रूढ झाले आणि ‘डझ ही गोज’मधील ‘एस’चे पोतेही त्यांनी आपले आपणच उतरवले.

सगळा दोष मराठीच्या माथी मारण्याचा मोह मात्र मला पुढे आवरावा लागला. ‘ईट’चे ‘ईटेड’, ‘गो’चे ‘गोएड’ अशी रूपे मराठीतून आलेली नाहीत. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही ती बोलतात, कारण नियम सापडला की तो सगळीकडे लावून पाहणे हा मुलांचा स्वभाव आहे. अशा चुकांना मी आता वहीत वेगळी पाने दिली आहेत.

मध्यंतरी तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्ये फळ्यावर कशाला, अशी नोंद केली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात वर्गातील बहुभाषिकता हे साधन मानले आहे, हे मी नम्रपणे सांगितले. नोंद तशीच राहिली.

‘अ’ आणि ‘द’ यांच्यापुढे मी अजून अडखळते. ‘एक होता कावळा’ या गोष्टीने सुरुवात चांगली होते, कारण पहिल्यांदा येतो तो ‘अ क्रो’ आणि त्याचे घर वाहून गेल्यावर चिमणीचे दार ठोठावतो तो आपल्या ओळखीचा, म्हणून ‘द क्रो’, हे मुले लगेच सांगतात. पण शिकायला जाताना ‘गो टू स्कूल’ असे ‘द’वाचून आणि सूर्य मात्र पहिल्या उल्लेखातच ‘द सन’ कसा, याला कावळा पुरत नाही. पहिल्या सत्रापुरते निबंधातील ‘अ’ आणि ‘द’चे गुण कापायचे नाहीत, असे मी ठरवले आहे, सहकाऱ्यांपैकी दोघांना ते मान्य नाही.

मार्चमध्ये संवादलेखनाचा सराव घेतला. पोत्याची उपमा देणाऱ्या मुलाने ‘डिड यू ब्रिंग माय टिफिन?’ असा प्रश्न बिनचूक लिहिला आणि खाली उत्तर दिले, ‘येस, आय डिड ब्रॉट’. मी पेन उचलण्याआधीच त्याने वही माझ्या हातातून परत ओढली. “थांबा मॅडम,” तो म्हणाला, “खाली दोघंपण वाकलेत.”