तुम्ही विचारलंत म्हणून : बरे नसताना चिंगीबरोबर सिंहगड

सर्दी झालेली असताना मी आमच्या चिंगीला घेऊन सिंहगडाच्या वाटेला लागले होते, हे कळल्यापासून कुत्री पाळणारे स्नेही मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : अंग ठीक नसताना कुत्र्याबरोबर डोंगर चढावा का? ताप, छातीत कफ, अंगदुखी किंवा जुलाब यांपैकी काहीही असेल, तर चढू नये, असे माझे उत्तर आहे. नुसते नाक वाहत असेल तर जाता येते. मात्र कुठून परतायचे हे पायथ्याशीच ठरवावे आणि कुत्रे ज्याला ओळखते असे दुसरे माणूस बरोबर घ्यावे. ही दुसरी अट बहुतेकांना अनावश्यक वाटते. मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

तापाविषयी मी इतकी कठोर का, हे आधी सांगते. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते, म्हणजे चढ सुरू होण्यापूर्वीच हृदय कामाला लागलेले असते. शिवाय विषाणूच्या संसर्गात काही वेळा हृदयाच्या स्नायूलाच सूज येते आणि त्या अवस्थेत केलेल्या श्रमांनी हृदयाची लय बिघडू शकते. पुण्यात पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवसच सर्वांत जोखमीचे असू शकतात. त्यामुळे काल ताप होता, आज नाही, एवढ्या आधारावर गडाची वाट धरू नये. मला ताप आलेला नव्हता, छाती मोकळी होती, सकाळची नाडी नेहमीसारखी होती. म्हणूनच मी निघाले, आणि धाकट्या बहिणीला बरोबर घेतले.

पायथ्याच्या आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची पायवाट सुमारे ६०० मीटर चढते आणि तिच्यावर सावली फार थोडी आहे. आम्ही उजाडण्याच्या सुमारास चालू लागलो, कारण ऊन मला जेवढे बाधणार होते त्याहून चिंगीला अधिक बाधले असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असते आणि ते ४१ च्या वर गेले तर जिवावर बेतते. जीभ लांब बाहेर आलेली, लाळ घट्ट झालेली, हिरड्या गडद लाल झालेल्या आणि पाय लटपटणारे दिसले, तर तिथेच सावलीत थांबून अंगावर साधे पाणी ओतावे लागते आणि नंतर पशुवैद्याकडे न्यावेच लागते. ही लक्षणे ओळखायला लक्ष लागते, आणि बरे नसलेल्या माणसाचे लक्ष स्वतःच्या श्वासाकडे आणि जड झालेल्या डोक्याकडे लागलेले असते. कुत्रे तर आपण चालतो आहोत तोवर चालत राहते. दमले तरी बसकण मारेलच असे नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मी या चढावर माझी तब्येत ठणठणीत असतानाही नेणार नाही.

आता दुसऱ्या माणसाविषयी. मला चक्कर येऊन मी वाटेत बसले किंवा पडले, तर चिंगी काय करील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती वीस किलोंची देशी कुत्री आहे, घरात अत्यंत प्रेमळ. पण मी आजारी पडून अंथरुणावर असते तेव्हा ती दारापाशी बसते आणि अनोळखी माणसाला आत येऊ देत नाही. सिंहगडाच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ असते, ताक आणि सरबत विकणारे असतात, मदत मिळायला अडचण नाही. परंतु मदतीला धावलेल्या माणसावर माझीच कुत्री गुरगुरली, तर तो जवळ कसा येणार? तिची माया हीच त्या क्षणी माझ्या आड आली असती. बहीण बरोबर असली की ती चिंगीला बाजूला घेऊ शकते, आणि मला आधाराची गरज पडली तर दोरी तिच्या हातात देता येते. ही काळजी मला प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत करावीशी वाटते.

दोरी म्हटली की उताराची गोष्ट आलीच. चढताना कुत्र्याची ओढ क्वचित मदतीची वाटते, पण उतरताना, मुरमाच्या सुट्या खड्यांवर गुडघे आधीच थरथरत असताना, खालच्या बाजूने आलेला एक हिसका पुरतो. दोरी कमरेला बांधायची सवय पुष्कळांना आहे. आजारी दिवशी ती हातातच असावी, म्हणजे तोल जाताना सोडून देता येते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा अशी गोळी घेऊन वाटेला लागूच नये. आणि गोळ्यांची पिशवी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा कप्प्यात ठेवावी : आपण सहज घेतो ते आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करते, आणि पॅरासिटामॉलही त्याला विषारी ठरू शकते. कुत्रे मलूल दिसले म्हणून आपल्यातली अर्धी गोळी त्याला देणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते.

त्या दिवशी आम्ही निम्म्या चढावरून परतलो. मी अगदीच थकले होते असे नाही. तिथवरच जायचे असे घरीच ठरले होते. वर मोटारीचा रस्ता येतो, तेव्हा गडावर पोचून जीपने उतरता आले असते, असे काहीजण म्हणतात. पण कुत्र्यासह भाड्याच्या जीपमध्ये जागा मिळणे हे चालक आणि इतर प्रवाशांच्या खुशीवर असते, आणि ज्याची खात्री नाही अशा सोयीवर विसंबून मी अर्धी ताकद खर्च करणार नाही. घरी आल्यावर चिंगीचे कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या गोचिडांसाठी तपासल्या, कारण पावसाळ्यानंतरच्या वाळत्या गवतातून गोचीड सहज अंगावर चढते आणि तिच्यातून कुत्र्याला ताप येतो. आपल्याला कितीही झोप आली असली तरी हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

बरोबर येणारे माणूस मिळत नसेल, तर मी त्या दिवशी गडाचा विचार सोडते आणि चिंगीला वेताळ टेकडीवर नेते. तिथे घर जवळ असते, हवे तेव्हा परत फिरता येते, आणि तिला हुंगायला झुडपे तेवढीच मिळतात.