भोंग्याच्या पोटातली मोटर

गुरुजींनी पेटी टेबलावर ठेवली आणि आधीच बजावलं, "मिस्त्री, ही विकायची नाहीये. तेव्हा किंमत सांगू नका, फक्त वाजती करा."

गुरुजी जुन्नरकडचे, शाळेतून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झालेली. पेटी म्हणजे चावी भरून वाजवायचा ग्रामोफोन, एचएमव्हीचा मॉडेल १०२. काळा, सुटकेससारखा मिटणारा, झाकणात तबकड्या ठेवायला कप्पा असलेला. १९३१ साली हा फोनो बाजारात आला आणि नंतर बरीच वर्षं निघत राहिला, त्यामुळं आपल्याकडं घराघरांतल्या माळ्यांवर हाच सापडतो. गुरुजींचाही माळ्यावरच होता, आणि वरचं कौल फुटकं होतं.

उघडल्यावर कळलं की पाणी नेमकं मोटरवर ठिबकत होतं. मुख्य स्प्रिंग तुटलेली. तिचं काही वाटत नाही, इंचभर रुंद नि दहा-बारा फूट लांब पोलादी पट्टी, नवी मिळते. ती डब्यात भरताना हात सांभाळायचे एवढंच. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण तिचीच. साउंडबॉक्समधलं, म्हणजे सुई बसते त्या डबीतलं, रबर दगड झालेलं, तिथं सायकलची वालट्यूब कापून बसवतो. फिरत्या टेबलावरची मखमल कसरीनं खाल्लेली, तीही रविवार पेठेत मिळते. अडलं ते गव्हर्नरच्या दांड्यावर.

स्प्रिंगला काय, चावी भरली की एका दमात उलगडायचं असतं. तिला आवरतो तो गव्हर्नर. बोटाएवढा आडवा दांडा, त्याच्याभोवती तीन पातळ पोलादी पट्ट्या, प्रत्येकीच्या मध्यावर एक वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या कमानीसारख्या वाकतात, दांड्यावरची चकती त्यांच्याबरोबर ओढली जाते आणि चामड्याच्या गुटक्याला घासते. वेग उतरतो. वीज नाही, काही नाही, तरी टेबल मिनिटाला ७८ फेरे धरून चालतं. पट्ट्या मी जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगमधून कापतो. पण दांड्यावरच मळसूत्रासारखे आटे कापलेले असतात आणि टेबलाच्या खुंटीवरचं दातेरी चाक त्यांनाच फिरवतं. गुरुजींच्या दांड्यावरचे आटे गंजानं चघळले होते. चाक घातलं की खरखर, आणि ती खरखर सरळ गाण्यात उतरते.

भोसरीतल्या एका लेथवाल्याला दाखवला. त्यानं भिंगातून बघितलं, परत दिला. "एक नग? शंभराची ऑर्डर आणा, मग बोलू." शंभर दांडे करून मी काय त्यांचा हार घालू? पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार गेले. कर्णे मिळाले, चाव्या मिळाल्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या सुयांच्या रिकाम्या डब्या तर ढिगानं. १०२ची मोटर नाही.

नसणारच. त्या कुठं गेल्या ते मला ठाऊक होतं. १९९६-९७ साली मी मुंबईत एका कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड. गावोगावचे भंगारवाले असल्या काळ्या पेट्या आणून टाकायचे. आम्ही त्यांच्या मोटरी काढायचो, नव्या सागवानी रंगाच्या चौकोनी खोक्यात बसवायचो, वर चकचकीत पितळी भोंगा, दर्शनी बाजूला कुत्र्याचा बिल्ला. काळ्या पेटीला गिऱ्हाईक नव्हतं. भोंगा म्हटलं की हॉटेलवाले आणि गोरे पर्यटक धावत यायचे. त्या भोंग्यात दम नसतो. वळण चुकीचं, टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारा हात, जड, बीडाच्या ओबडधोबड साउंडबॉक्सनं तबकडी नांगरल्यासारखी निघते. पण दिसायला, वा! दिवसाला दोन मोटरी हा माझा वेग होता, आणि शेठ सगळ्यांपुढं माझं कौतुक करायचे.

तर दांडा हवा असेल, तर पेट्या शोधण्यात अर्थ नव्हता. भोंगा शोधायचा.

गुरुवारी रात्री मुंबईला गेलो, कारण शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून फुटपाथवर जुम्म्याचा बाजार भरतो. उजाडायच्या आत, बॅटऱ्यांच्या उजेडात, मिक्सरची भांडी, एकेकटे बूट आणि कुलूपं यांच्यामधनं फिरत होतो. एका चादरीवर तो आडवा पडलेला दिसला. भोंगा चेपलेला, साउंडबॉक्स गायब, खोक्याचं पॉलिश पापुद्र्यानं सुटलेलं.

"अंग्रेज के जमाने का है," विकणारा म्हणाला. "पूरा ओरिजिनल."

टेबल उचलून मी फटीतनं मोबाईलचा उजेड आत टाकला. गव्हर्नर दिसला. बोटानं ढकलला, तर तीन वजनं गुळगुळीत फिरली. तोंडावर काहीही न दाखवता मी भोंग्याच्या पोच्याबद्दल कुरकुर करत बसलो. पाच हजारांवरून बावीसशेवर यायला अर्धा तास आणि दोन कटिंग गेले. भोंगा ट्रेनमध्ये कुठं ठेवायचा हा प्रश्न पुण्यापर्यंत सुटला नाही, मांडीवरच होता. समोरच्या सीटवरच्या पोराला त्यात तोंड घालून ओरडायचं होतं, मी घालू दिलं.

संध्याकाळी दुकानात खोक्याच्या बुडाची फळी काढली. मोटर १०२चीच. दांडा सुटा करून कापडानं पुसला, तर आटे आरशासारखे. काम तिथंच संपलं होतं. पण आलीच आहे मोटर हातात तर स्प्रिंगही बघू म्हणून डब्याचं झाकण काढलं. ग्राफाइटचं ग्रीस डांबर झालेलं. ते रॉकेलनं धुतलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला टाचणीनं ओढलेली अक्षरं वर आली: स. १४/३/९७.

घड्याळवाले असं करतात, आत तारीख घालून ठेवतात. मी एका घड्याळजीकडूनच शिकलो होतो. 'स'ची शेपूट मी अजून तशीच काढतो.

गुरुजी रविवारी आले. दुकानातली जुनी चोकवाली ट्यूब मी फक्त एका कामासाठी ठेवली आहे. टेबलावर ७७ रेघांची कागदी चकती ठेवायची आणि त्या ट्यूबखाली फिरवायची. आपल्या पन्नास सायकलच्या विजेवर रेघा जागच्या जागी थांबल्या, की ७८चा वेग बरोबर. एलईडीखाली हा खेळ सहसा जमत नाही. स्क्रू चिमूटभर फिरवला आणि रेघा थांबल्या. गुरुजींनी पिशवीतनं हिराबाई बडोदेकरांची तबकडी काढली. सव्वातीन मिनिटं ती बिनबोभाट वाजली. शेवटाकडं आवाज बसेल म्हणून गुरुजींचा हात आपसूक चावीकडं गेला होता, पण गरज पडली नाही.

"पार्ट डुप्लिकेट तर नाही ना घातला?"

"नाही गुरुजी. कंपनीचाच आहे. दुसऱ्या पेटीतला."

"अशीच काळी?"

"अशीच."

"मग तिची पेटी कुठंय?"

मी हातातला पेचकस खाली ठेवला. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. कारखाना, भोंगे, ९७ साल, झाकणातली अक्षरं. रिकाम्या पेट्यांचा गच्चीवर ढीग व्हायचा. पावसात फुगायच्या. मग शेठच्या घरी बंबात जायच्या, प्लायवूड चांगलं पेटतं.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी सुई काढून वाटीत टाकली, नवी लावली, तबकडी उलटवली आणि चावी भरायला घेतली.