दगडातला ‘ड’

2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचं ‘मेरी माटी मेरा देश’ अभियान आलं, तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावाचा ग्रामसेवक होतो. शिलाफलक, पंचप्रण शपथ, माती हातात धरून सेल्फी, 75 रोपं, दिल्लीला जायचा मातीचा कलश. प्रत्येकाचा फोटो अपलोड करायचा, आणि मोबाइलला रेंज फक्त टाकीखाली. फलकाचा नमुना वरून आलेला. गावानं भरायची ती शहिदांची नावं.

आमच्या गावात नाव एकच होतं. 1971 च्या लढाईत गेलेले जवान. खात्री करायला मी त्यांच्या घरी गेलो. आजी नुकत्याच निंदणावरून आल्या होत्या, पायाला चिखल तसाच.

“आजी, बाबांचं पूर्ण नाव सांगा बरं.”

त्यांनी पदर तोंडाशी नेला. “मी कशी घेऊ जी त्याइचं नाव? तुमच्या कागदात असन ना.”

उखाण्यात नाव घेतलं असेल तेही बावन्न वर्षांपूर्वी. मी जास्त ताणलं नाही. पेन्शनचा कागद काढून दिला त्यांनी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. तेच मराठीत उतरवून ग्रॅनाइटवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं. पुतण्याला एक फोन केला असता तर भागलं असतं, पण त्या आठवड्यात मला जेवायला फुरसत नव्हती.

14 तारखेला अनावरण. बायाबापड्या वावरात, म्हणून गर्दी शाळेच्या पोरांचीच. आजींना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. सातवीतल्या पोरीनं फलक मोठ्यानं वाचला, टाळ्या झाल्या, आणि आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सायेब, हे आमच्या घरचं नाव नोय.”

आडनाव चुकलं होतं. इंग्रजीतल्या ‘डी’चा मी ‘द’ केला होता. पण नेमकं काय चुकलं ते त्या क्षणी मला कळेना, आणि त्या काही नाव घेईनात. आजी दुसरी शिकलेल्या. त्यांनी फलकाला हात लावला.

“हा काय हाय?”

“दगड.”

“त्यातलं पयलं अक्षर लिवलं तुमी. पाहिजे होतं शेवटचं.”

ग्रॅनाइटवाला संध्याकाळी मोटरसायकलवर आला. चुकीच्या अक्षरात लांबी भरली, घासली, टॉर्चच्या उजेडात नवं अक्षर कोरून सोनेरी रंग दिला. 15 ला झेंडावंदनाआधी मी बोट लावून पाहिलं. रंग थोडा ओलाच होता.

डिसेंबरात 16 ला, विजय दिवसाला, फलकाला हार घालायचं ठरवून मी त्यांना बोलवायला गेलो. आमच्याकडे तारखेपेक्षा तिथीचा पगडा. आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत ‘चले जाव’ आंदोलनात 16 ऑगस्ट 1942 ला पोलिसांचा गोळीबार झाला तो नागपंचमीचा दिवस, आणि त्या शहिदांची आठवण लोक नागपंचमीलाच काढतात. मला हे माहीत असायला हवं होतं.

“त्याइची तिथी मार्गशीर्ष वद्यात,” आजी म्हणाल्या. “औंदा धोंडा होता ना जी, लांबली. तुमी घाला हार. मी माह्या दिवशी येतो.”

पोर्टलवर अनावरणाचाच फोटो आहे. तिथे अजून ‘द’ आहे. बदलायची सोय नाही.