तळ्यावर जाण्याआधी पाणी कुठवर आहे ते विचारा

गोव्यातलं करमळीचं तळं ऑक्टोबरात पाहिलेला माणूस आणि फेब्रुवारीत पाहिलेला माणूस एकमेकांशी बोलायला लागले, तर दोघं वेगळ्याच गावांबद्दल बोलतायत असं वाटेल. एकाला काठोकाठ पाणी, कमळाची पानं आणि दूरवर चारदोन ठिपके दिसलेले असतात. दुसऱ्याला निम्मं चिखलाचं मैदान आणि त्यावर पक्ष्यांची जत्रा. तळं तेच. मधल्या चार महिन्यांत पाणी खालच्या शेतांना गेलेलं असतं.

गोव्यातली बरीच गावतळी निसर्गाने आयती दिलेली नाहीत. उतारावर बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं आणि पाऊस सरला की मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून ते थोडं थोडं खालच्या वायंगणाला, म्हणजे हिवाळी भातशेतीला, सोडायचं, ही जुनी गावकीची व्यवस्था. पक्षी आले ते मागाहून, या हिशेबाचा फायदा घ्यायला. म्हणून तळ्याकडे बाग म्हणून पाहू नका. फाटक, तिकीट, बाक, शौचालय, यातलं बहुधा काहीच मिळणार नाही. मिळेल तो एक बांध, एक रस्ता आणि कामाच्या गडबडीत असलेली माणसं.

पाण्याच्या खोलीवर इतकं का अडतं? टिबुकली, पाणकावळे आणि वारकरी बुडी मारणारे. त्यांना खोल पाणी चालतं. तलवार बदक आणि भुवई बदक बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून डोकं पाण्यात घालायचं आणि मान पोहोचेल तेवढ्यात चरायचं, ही त्यांची रीत. म्हणजे वीतभर, फार तर दीड वीत पाणी. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते जरा खोलात. भुवई बदक काठाजवळ. चिखल्यांना आणि तुतवारांना तर नुसता ओला चिखल हवा. पाणी उतरत जातं तशी ही मंडळी एकामागून एक हजेरी लावतात. करमळीला जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ म्हणूनच सगळ्यात भरलेला.

लवकर न जाण्याचं आणखी एक कारण आहे. नोव्हेंबरात आलेली नर बदकं मादीसारखीच तपकिरी असतात. भुवई बदकाची ती प्रसिद्ध पांढरी भुवई पुस्तकात पाहून तुम्ही जाल आणि तासभर दुर्बीण लावूनही ती सापडणार नाही. नवीन पिसं यायला जानेवारी उजाडतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचं नेमकं उलटं. ती डौलदार शेपटी फक्त विणीच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यात. हिवाळ्यात तोच पक्षी बिनशेपटीचा, फिकट, आणि नवख्याला दुसराच कुणी वाटणारा. शेपटीवाला पाहायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये छत्री घेऊन जायची तयारी हवी. त्याच दिवसांत तरंगत्या पानांवर अंडी उबवत बसलेला दिसला तर तो नर असतो. मादी अंडी घालून दुसरीकडे निघून जाते.

करमळीला पोहोचणं गोव्यातल्या कुठल्याही तळ्यापेक्षा सोपं आहे. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळच, जुनं गोवं हाकेच्या अंतरावर, पणजी साधारण बारा किलोमीटर. बस पकडून जुन्या गोव्यापर्यंत येता येतं, पण उजाडताना तळ्यावर असायचं तर स्वतःची दुचाकी बरी. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य सात वाजण्याच्या आगेमागे उगवतो, त्यामुळे साडेसहाला काठावर असलात की पुरे. मे-जूनमध्ये तो सहालाच वर आलेला असतो, हे विसरून हिवाळ्याच्या वेळेने निघणारे हमखास चुकतात.

उभं कुठे राहायचं, याचा नियम एकच: सूर्य पाठीशी. सकाळी पूर्वेच्या अंगाला, संध्याकाळी पश्चिमेच्या. उलट बाजूला थांबलात तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात आणि बदक कोणतं यावर वाद घालत परतावं लागतं. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. तेव्हा दुर्बीण कितीही महाग असो, चित्र उकळतंच. त्याला इलाज नाही, नाश्त्याला जावं.

दुर्बीण आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटरची घ्या. दहा पटीची दुकानात मोहक वाटते, पण हातातली थरथरही ती दहा पट दाखवते, आणि बांधावर टेकायला झाड नसतं. मोठ्या तळ्याला तिवईवरची स्पॉटिंग स्कोप असली तर उत्तम. नसेल तर दूरचा थवा सोडून द्या आणि काठाचं गवत बारकाईने बघा. जांभळी पाणकोंबडी, वंचक, खंड्या, जांभळा बगळा ही सगळी मंडळी तिथेच असतात. वंचक तर पायाखालून उडेपर्यंत मातीचं ढेकूळच वाटतो.

कुडचड्याजवळचं नंदा तळं 2022 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. गोव्यातलं ते पहिलं. क्षेत्र 42 हेक्टर, जुवारीच्या एका उपनदीला लागून, आणि इथलंही पाणी खालच्या भातशेतीला जातं. रामसर हा शब्द ऐकून कुणी फलक, मनोरे आणि फिरण्याची आखीव वाट शोधत गेलं तर निराशा व्हायची. दर्जा आंतरराष्ट्रीय असला तरी तळं गावचंच आहे. सासष्टीत कुडतरीला गावभर तळी आहेत. जुन्या काळी सासष्टीचं भाताचं कोठार म्हणवणाऱ्या गावाला ती असायचीच. सेंट अ‍ॅलेक्स चर्चच्या परिसरातून चालायला सुरुवात केली की एका सकाळी पायी दोन-तीन तळी होतात. मयेचं तळं मुद्दाम सोडलं आहे. ते सुंदर आहे, पण शांतता हवी असेल तर आता तिथे जायचं कारण नाही.

गोड्या पाण्याच्या तळ्यांना महिन्यांचा हिशेब, तर खाऱ्या पाण्याला तासांचा. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळं कांदळवन. रायबंदरहून फेरीबोट घ्यायची. पलीकडे उतरलं की प्रवेशद्वार धक्क्याजवळच. इथे चुकतं ते एकाच गोष्टीत: माणसं घड्याळ पाहून जातात, भरती-ओहोटी पाहून नाही. पायवाटेवरून चालणार असाल तर ओहोटी हवी. तेव्हाच चिखल उघडा पडतो, निवट्या उड्या मारायला लागतात, एक नांगी मोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावतात, आणि हे सगळं खायला पक्षी उतरतात. होडीने आतल्या खाड्यांत शिरायचं असेल तर भरती हवी. ओहोटीला होडी चिखलात रुतते.

मोबाईलवर मोरमुगावचं वेळापत्रक मिळतं, पण कालनिर्णय पाहूनही काम भागतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारच्या आगेमागे आणि ओहोटी पहाटे. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर. म्हणजे पौर्णिमेनंतर द्वितीया ते चतुर्थीला सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाणी सगळ्यात खाली असतं. पायी फिरणाऱ्यांनी तेच दिवस धरावेत. दशमीच्या सुमाराला सकाळी भरती सापडते, पण अष्टमीच्या आसपासची ही भरती भांगाची, पाणी फार चढत नाही. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून वेळ ठरवा आणि तो सांगेल ती वेळ माना. समुद्राच्या तोंडाशी भरती झाली तरी मांडवीतून आत पाणी यायला थोडा वेळ लागतो, आणि तो किती हे त्यालाच ठाऊक असतं. चोडणच्या कांदळवनात कॉलर्ड किंगफिशर हा सहसा न दिसणारा खंड्या मिळतो, त्यासाठी लोक लांबून येतात. नेहमीच्या खंड्यांहून वेगळा, पांढऱ्या गळपट्ट्याचा आणि हिरवट निळ्या पाठीचा.

चोडणला जायला सवड नसेल तर पणजीत पाटोजवळ रुआ द ओरेमच्या खाडीत कांदळवनातून लाकडी वाट आहे. अर्ध्या तासात होते. मुलांना न्यायला हीच बरी. तिवराच्या पानाची मागची बाजू जिभेला लावून पाहायला सांगा, खारट लागते. मुळांतून आलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली मुळं तिवराची, आणि कमानीसारखी बुंध्यापासून खाली झुकलेली कांदळाची. एवढा फरक कळला तरी पुढे कुठलीही खाडी ओळखीची वाटते.

जंगलातल्या पायवाटा आणि पाणवठे हा वेगळा विषय. काणकोणचं खोतीगाव अभयारण्य, 86 चौरस किलोमीटर, या कामाला सगळ्यात योग्य. पाणवठ्याशेजारी उंच मचाण आहे, पण ते प्रवेशद्वारापासून आत, तेव्हा वाहन लागतं. इथे हंगाम तळ्यांच्या उलट: मार्च ते मे. ओहळ आटले की जनावरांना मोजकेच पाणवठे उरतात. पहाटे किंवा दुपारी चारनंतर जाऊन दोन तास न बोलता बसायची तयारी नसेल तर मचाणावर चढूच नका. अत्तर, चुरचुरणाऱ्या वेफर्सच्या पिशव्या आणि भडक शर्ट, तिन्ही घरी ठेवा. फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. बोंडला अभयारण्य 8 चौरस किलोमीटरचं, गुरुवारी बंद. प्राणिसंग्रहालयामुळे रविवारी गजबजतं. बुधवारी सकाळी जा.

आता काय काय बिघडतं ते.

जळवा जून ते ऑक्टोबर. मोज्यांच्या आत पँट खोचा. शक्य असेल तर गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे सुती मोजे. चिकटली तर मीठ किंवा काडेपेटी नको. घाबरलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. नख तिच्या तोंडाच्या कडेने आडवं सरकवलं की ती सुटते. नंतर बराच वेळ रक्त येतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून धरा, काळजीचं काही नाही.

गोचिडीचं मात्र काळजीचं आहे. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. धोका डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम आणि भटकंतीचाही. त्या भागात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, गावच्या आरोग्य केंद्राला कळवा. पालापाचोळ्यावर बसू नका. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि घरी आल्याआल्या कपडे गरम पाण्यात, अंघोळ करताना काखा-जांघा-कानामागे तपासणी. नंतर आठवडा-दहा दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगायला विसरू नका.

पावसाळ्यात जांभ्या दगडावरचं शेवाळ हाडं मोडतं. रबरी बुटांचा तळ गुळगुळीत झाला असेल तर तो घालू नका. आणि चिरेखाणीत साठलेलं हिरवं पाणी म्हणजे तळं नव्हे. तळ्याचा काठ उतरता असतो. खाणीची भिंत चिरे कापल्यासारखी सरळ, पाय टेकायला पायरी नाही, आणि पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा नदीला जोडलेल्या पाण्यात काठावर पाय सोडून बसण्याची हौसही नको.

उरला बांध. तो मातीचा असतो आणि नुकता लिंपलेला असेल तर एका माणसाच्या पावलाने ढासळतो; मग पाणी झिरपतं आणि दोन दिवसांचं काम वाया जातं. ओली, गुळगुळीत, ताज्या रंगाची माती दिसली की खाली उतरून चाला. दुचाकी बांधावर घालू नका. शेतात कुणी असेल तर ‘पाणी सोडलं का?’ एवढं विचारा. पक्षी कुठे बसतात, कुठल्या कोपऱ्यात पाय रुततो, कुठला कुत्रा चावरा, सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर येतं.

सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी जा आणि लवकर परतू नका. दिवसभर अडई बदकं तळ्याच्या मध्यावर झोपल्यासारखी पडून असतात, कारण ती चरतात रात्री. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, दुर्बीण पिशवीत गेलेली असते तेव्हा, एक शीळ येते, मग दुसरी, आणि अख्खा थवा डोक्यावरून भातखाचरांकडे निघतो.